परक्या राजाचं पदक: शंकरराव थोरात, जगन्नाथराव भोसले आणि एक लाटव्हियन कर्नल



मागच्या महिन्यात धुळ्यातलं व्याख्यान संपलं, लोक पांगले, आणि एक तरुण थांबून राहिला. पारोळ्याकडचा. हातात बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा. डब्यात फडकं, फडक्यात सहा टोकांचे दोन पितळी रंगाचे तारे. मधे मुकुट आणि राजाची अक्षरं. फिती कधीच कुजून गेलेल्या. मला म्हणाला, "सर, हाई काय शे?"

मी चष्मा वर करून वाचलं. एक तारा १९३९ ते १९४५ च्या युद्धाचा, दुसरा इटलीच्या मोहिमेचा. त्याचे पणजोबा फौजेत होते, इटलीला गेले होते, एवढं घरात माहीत होतं. पण खरा प्रश्न पुढे होता. पणजोबांचे धाकटे भाऊ बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेले होते. त्यांना १९७२ साली सरकारकडून ताम्रपट मिळाला. तो बैठकीच्या खोलीत चौकटीत लावलाय. "आता हे तारे त्याच्या शेजारी लावू का? काका म्हणतात, इंग्रजाची चाकरी भिंतीवर नको. आजी म्हणते, तो बी मराले गयथा ना तठे."

मी त्याला तेव्हा उत्तर दिलं नाही. घाईत देण्यासारखं नव्हतं. आजचं व्याख्यान म्हणजे ते उत्तर आहे असं समजा.

आधी मी तुम्हाला थोडं लांब नेतो. आपल्या घरचा प्रश्न आपल्याला नीट दिसत नाही, डोळ्याला चिकटलेला असतो. दुसऱ्याच्या घरातला लवकर दिसतो.

बाल्टिक समुद्राच्या काठी लाटव्हिया नावाचा छोटा देश आहे. १९१८ साली स्वतंत्र झाला. १९४० च्या जूनमध्ये सोव्हिएत रशियाने गिळला. पुढच्या वर्षी १४ जून १९४१ ला हजारो लाटव्हियन माणसं, बायकापोरांसकट, रेल्वेच्या डब्यांत भरून सैबेरियाकडे धाडली. दोन आठवड्यांत जर्मन आले. ज्यांची माणसं डब्यांत भरून नेली होती, त्यांतल्या पुष्कळांना जर्मन म्हणजे सुटका वाटली. ती सुटका नव्हती. त्याच वर्षी ३० नोव्हेंबर आणि ८ डिसेंबर या दोन दिवसांत रीगा शहराबाहेर रुंबुलाच्या जंगलात पंचवीस हजारांच्या आसपास यहुदी मारले गेले, आणि त्या कामात जर्मनांच्या हाताखाली लाटव्हियन पोलीसही होते. १९४३ च्या फेब्रुवारीत हिटलरच्या हुकमाने लाटव्हियन लीजन उभी राहिली. नाव ‘स्वयंसेवकांची’. प्रत्यक्षात बहुतेकांना बोलावणं आलं म्हणून ते गेले.

या लीजनमध्ये वोल्देमार्स वेइस नावाचे अधिकारी होते. स्वतंत्र लाटव्हियाच्या सैन्यातले जुने अधिकारी. रशियन आघाडीवर त्यांनी रेजिमेंटचं नेतृत्व केलं आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये त्यांना जर्मनीचं ‘नाइट्स क्रॉस’ मिळालं. हे पदक मिळवणारे ते पहिले लाटव्हियन. एप्रिलमध्ये जखमी होऊन वारले. धीट अधिकारी होते, यात वाद नाही. पण त्यांच्या चरित्राचं एक आधीचं पान आहे. १९४१ च्या जुलैत, जर्मन रीगात शिरल्या शिरल्या, त्यांच्या हाताखालचं सहाय्यक पोलीसदल उभारायचं काम याच वेइस यांच्याकडे दिलं गेलं होतं.

आजही १६ मार्चला रीगात लीजनच्या स्मरणाला लोक फुलं घेऊन जातात आणि बाजूला दुसरे लोक निषेधाचे फलक धरून उभे असतात. आपल्या पारोळ्याच्या घरात काका आणि आजी, तसंच.

आता आपल्याकडे या.

खान्देशात हा प्रश्न तसा जुना आहे. १८२५ साली जेम्स औट्रमने धरणगावला भिल्ल कोअर उभी केली. सातपुड्यातल्या भिल्लांना काबूत आणायला भिल्लांचीच पलटण. आणि सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा, सरकारी चाकरीतला खाज्या नाईक १८५७ साली उलटला. एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीची लढाई झाली. गणवेश घालणारा आणि गणवेश फेकणारा, दोघं एकाच डोंगरातले. दोघांकडे आपापली कारणं होती. हे लक्षात ठेवा, कारण शंभर वर्षांनी हेच मोठ्या प्रमाणावर झालं.

३ सप्टेंबर १९३९. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी जाहीर केलं की हिंदुस्थान युद्धात आहे. कोणाला विचारलं? कोणालाच नाही. म्हणून मुंबईत बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आणि इतर प्रांतांतली काँग्रेसची मंत्रिमंडळं राजीनामे देऊन बाहेर पडली. आणि तरीही युद्ध संपेपर्यंत हिंदी सैन्यात पंचवीस लाख माणसं होती. तीही ‘स्वयंसेवक’च. सक्तीची भरती नव्हती, हे खरं. पण दुष्काळी गावातल्या पोराला महिन्याचा पगार, अंगावर कपडा आणि दोन वेळचं जेवण देऊ केलं, तर त्याच्या ‘स्वेच्छे’त किती स्वेच्छा उरते, हा तत्त्वज्ञानाच्या वर्गात दोन तास चालणारा प्रश्न आहे. मी तो दोन तास चालवलेलाही आहे.

या पंचवीस लाखांत दोन मराठी अधिकारी होते. त्यांची गोष्ट शेजारी शेजारी ठेवून ऐका.

पहिले शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. जन्म १९०६, कोल्हापूरकडचं वडगाव. इंग्लंडला सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात शिकले, १९२६ साली अधिकारी झाले. दुसरे जगन्नाथराव कृष्णराव भोसले. जन्म त्याच वर्षीचा, १९०६, सावंतवाडी संस्थानातलं तिरोडे. डेहराडूनचं लष्करी विद्यालय, मग तेही सँडहर्स्टला. एका वर्षी जन्मलेले, एकाच शाळेत शिकलेले, एकाच राजाच्या नावाने शपथ घेतलेले.

१५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं आणि भोसले जपान्यांचे युद्धकैदी झाले. पुढे नेताजी सुभाषबाबू आले, आझाद हिंद सेना नव्याने उभी राहिली, आणि २१ ऑक्टोबर १९४३ ला सिंगापुरात जे आझाद हिंद सरकार जाहीर झालं, त्यात सेनेचे प्रतिनिधी म्हणून भोसले होते. सेनेचे ते चीफ ऑफ स्टाफ झाले. म्हणजे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर एका बाजूला राजाच्या सैन्यात थोरात, दुसऱ्या बाजूला नेताजींच्या सैन्यात भोसले.

जानेवारी १९४५. ब्रह्मदेशाचा आराकान किनारा, कांगाव नावाची जागा. माघार घेणाऱ्या जपान्यांची वाट तिथे अडवायची होती. खाड्या, दलदल, तिवरांची झाडी आणि मधून उठलेल्या टेकड्या. तिथे ५१ वी हिंदी ब्रिगेड लढली. या ब्रिगेडची खासियत अशी की तिच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते: थिमय्या, एल. पी. सेन आणि आपले थोरात. थोरातांकडे दुसऱ्या पंजाब रेजिमेंटची दुसरी पलटण. मेलरोज नावाच्या टेकडीसाठी २९ जानेवारीला हातघाईची लढाई झाली, संगिनींपर्यंत आली, आणि थोरातांच्या पलटणीने टेकडी घेतली. तिघाही पलटणप्रमुखांना ‘डीएसओ’ मिळालं. हिंदी माणूस शिपाई म्हणून शूर असतो पण पलटण चालवू शकत नाही, असं जे इंग्रज अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये बोललं जायचं, त्याला कांगावने उत्तर दिलं.

याच थिमय्यांची एक गोष्ट त्यांच्या चरित्रात आहे. तरुण अधिकारी असताना त्यांनी मोतीलाल नेहरूंना विचारलं की आम्ही राजीनामे द्यावेत का. मोतीलालजी नको म्हणाले. स्वराज्य येणारच आहे, तेव्हा शिकलेले अधिकारी लागतील, असा त्यांचा सांगण्याचा रोख. आणि थिमय्यांचे थोरले बंधू? ते आझाद हिंद सेनेत गेले. बघा, पारोळ्याचं घर एकटं नाही. कुर्गातही तेच घर होतं.

आता सांगा, यांत देशभक्त कोण? टाळ्या वाजवायच्या सभेत उत्तर सोपं असतं. भोसले देशभक्त, थोरात चाकरमाने. पण जरा थांबू.

भोसल्यांच्या बाजूचा हेतू स्वातंत्र्याचा होता, त्यात शंका नाही. पण मित्र कोण होता? जपान. अंदमान जपान्यांच्या ताब्यात होतं आणि कागदोपत्री आझाद हिंद सरकारकडे दिलेलं होतं. नेताजी १९४३ च्या डिसेंबरअखेर तिथे जाऊनही आले. पुढच्या महिन्यात, ३० जानेवारी १९४४ ला, तिथल्या होमफ्रेगंजला जपान्यांनी हेरगिरीच्या संशयावरून ४४ हिंदी माणसांना गोळ्या घातल्या. ज्यांच्या स्वातंत्र्यासाठी लढाई, तीच माणसं. हे भोसल्यांनी केलं नाही. पण मित्राची निवड म्हटली की हेही हिशेबात येतं.

आणि थोरातांच्या बाजूचा मालक साम्राज्य होता. आपल्या खान्देशात त्या साम्राज्याने काय केलं, हे तुम्हाला मी सांगायला नको. ९ सप्टेंबर १९४२, नंदुरबार. शिरीषकुमार मेहता, वय पंधरा. त्याच्यासह पाच पोरं गोळीबारात गेली. हुकूम सरकारचा, गणवेश सरकारचा आणि त्या गणवेशातले शिपाई आपल्याच मुलखातले. १४ एप्रिल १९४४ ला शिंदखेड्याजवळ चिमठाण्याला डॉ. उत्तमराव पाटील, बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी यांनी सरकारी खजिना लुटला, भूमिगत चळवळीसाठी.

आणि चिमठाण्यानंतर तीन महिन्यांनी, १० जुलै १९४४ ला, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात कोकणातला एक बावीस वर्षांचा पोरगा जर्मन मशीनगनवर एकटा धावला. नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, मराठा लाइट इन्फंट्रीचे. त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले होते. बॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन बंद पाडली. गोळ्या संपल्या, मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने लढले. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळालं. त्यांची कबरही माहीत नाही. कासिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे. पुढच्या एप्रिलमध्ये संगमनेर तालुक्यातल्या निमजच्या नामदेव जाधवांनी सेनिओ नदीवर तेच पदक मिळवलं. त्यांनी आधी दोन जखमींना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं, मग परत जाऊन मशीनगनचे तीन मोर्चे मोडले, आणि बांधावर उभं राहून शिवछत्रपतींचा जयजयकार करत कंपनीला पुढे बोलावलं.

विरोधाभास बघा. घाडगे आणि जाधव लढले ते गुलामीत ठेवणाऱ्या राजासाठी. पण समोर होतं ते हिटलरचं सैन्य, ज्याच्या हुकमाने रुंबुला झालं. वेइस लढले ते त्यांचा देश गिळणाऱ्या रशियाविरुद्ध. पण ज्याच्या झेंड्याखाली लढले, तो रुंबुलावाला.

मग मोजमाप कसं करायचं?

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून एक ग्रीक आठवण सांगतो. प्लेटोचा ‘लॅकीस’ नावाचा संवाद आहे. त्यात दोन सेनापती बसलेत आणि सॉक्रेटिस विचारतो, धैर्य म्हणजे काय? सेनापतींना येत नाही! आयुष्यभर जे केलं, त्याची व्याख्या सांगता येत नाही. लॅकीस म्हणतो, ती मनाची चिवट टिकून राहण्याची ताकद आहे. सॉक्रेटिस विचारतो, मूर्खपणे टिकून राहिलं तरी? तिथे लॅकीस अडतो. संवाद उत्तराशिवाय संपतो. गंमत अशी की प्रश्न विचारणारा सॉक्रेटिस स्वतः लढाईत जाऊन आलेला होता आणि डेलियमच्या माघारीत तो डगमगला नाही, ही साक्ष हाच लॅकीस देतो.

मी यातून एवढंच घेतो. धैर्य खरं असतं, पण ते एकटं पुरत नाही. म्हणून कुठलंही पदक समोर आलं की मी तीन प्रश्न विचारतो.

पहिला: ते कशासाठी मिळालं? आपल्या तरुणाच्या डब्यातले तारे पराक्रमाचे नाहीत. ते मोहिमेत असणाऱ्या सगळ्यांना मिळाले. ते एवढंच सांगतात की हा माणूस तिथे होता. यात कमीपणा नाही, पण खोटा मोठेपणाही नको. डीएसओ, व्हिक्टोरिया क्रॉस ही वेगळी. ती विशिष्ट कृतीची साक्ष देतात आणि सहसा ती साक्ष बरीच भरवशाची असते. पण ती साक्ष काही मिनिटांची, काही दिवसांची असते. सबंध माणसाची नसते.

दुसरा: ते कोणी दिलं आणि घेणाऱ्याला निवड किती होती? राजाने दिलेलं पदक राजाच्या हिताचं असतं. बेचाळीसनंतर इंग्रजांना शूर हिंदी शिपायाच्या गोष्टी हव्याच होत्या, पुढच्या भरतीसाठी. हे मान्य केल्याने घाडग्यांचं धावणं खोटं ठरत नाही, आणि घाडगे धावले म्हणून साम्राज्य न्यायाचं ठरत नाही.

तिसरा प्रश्न सगळ्यात जड: निःशस्त्र माणसाशी या हातांनी काय केलं? पदकाच्या प्रशस्तीत हे कधीच लिहिलेलं नसतं. ते दुसऱ्या कागदांत शोधावं लागतं. वेइस यांच्या बाबतीत नाइट्स क्रॉसकडे बघत बसलो तर १९४१ चा तो पोलीसदलाचा कागद दिसत नाही. मी त्यांच्या धैर्याबद्दल बोलायला तयार आहे, पण तो कागद बाजूला ठेवून नाही. न्युरेंबर्गच्या न्यायालयाने १९४६ साली हीच रेघ ओढली. ‘एसएस’ ही गुन्हेगार संघटना ठरवली, पण ज्यांना निवडच न देता भरती केलं आणि ज्यांनी गुन्हे केले नाहीत, त्यांना वगळलं. गणवेश बघून सरसकट निकाल नको. गणवेशाआड लपणंही नको.

हाच तिसरा प्रश्न थोरातांना लावतो. स्वतंत्र भारताने १९५३ साली त्यांना कोरियाला पाठवलं. युद्ध थांबलं होतं, मायदेशी परतायला तयार नसलेल्या युद्धकैद्यांची राखण भारताकडे आली होती. थिमय्या आयोगाचे अध्यक्ष, थोरात राखणदलाचे प्रमुख. एका छावणीत कैद्यांनी आपला एक मेजर ओलीस धरला. भडकलेले, हजारोंनी जमलेले कैदी. थोरात स्वतः आत गेले. जवानांना गोळी चालवू दिली नाही. बोलून, थांबून, मेजरला सोडवून आणलं. कोरियातल्या कामगिरीसाठी गणराज्याने त्यांना अशोक चक्र, वर्ग दोन दिलं, ज्याला आज आपण कीर्ती चक्र म्हणतो.

म्हणजे एकाच छातीवर दोन पदकं. एक राजाचं, संगिनीने टेकडी घेतल्याबद्दल. दुसरं प्रजासत्ताकाचं, ज्या कामात मोठेपणा गोळी न चालवण्यात होता त्या कामाबद्दल. मला दुसरं जास्त भावतं. पण पहिल्यातली तालीम नसती तर दुसरं जमलं असतं का, हेही मी स्वतःला विचारतो. कांगावचेच सेन १९४७ च्या नोव्हेंबरात श्रीनगर वाचवायला शालटेंगला होते. कांगावचेच थिमय्या १९४८ ला जोझिला खिंडीत रणगाडे घेऊन चढले. मोतीलालजींचं म्हणणं खरं ठरलं.

आणि भोसले? आझाद हिंदच्या लोकांना स्वतंत्र भारताच्या सैन्यात परत घेतलं नाही, हे आपल्या इतिहासातलं अवघड पान आहे. पण भोसले रत्नागिरी जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून गेले, पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले, आणि १९५४ साली दिल्लीत निर्वासितांच्या मुलांपासून राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. फाळणीत सगळं गमावलेल्या पोरांना त्यांनी पुन्हा रांगेत, ताठ उभं राहायला शिकवलं. १९६३ साली वारले. त्या कामाला मी पदकापेक्षा कमी समजत नाही. एकाच नेहरू सरकारने थोरातांनाही काम दिलं, भोसल्यांनाही दिलं. घराने दोन्ही भावांना जेवायला बसवलं, असं म्हणा.

तर पारोळ्याच्या दादाला माझं उत्तर. तारे लाव. ताम्रपटाच्या शेजारीच लाव. पण नुसते लावू नको. खाली चिठ्ठी लाव. तिच्यावर पणजोबांचं नाव, पलटण, कुठे गेले, कोणत्या साली. आणि पुढे स्पष्ट लिही की तेव्हा देश पारतंत्र्यात होता आणि हे सैन्य इंग्रजांचं होतं. ताम्रपटाखालीही तशीच चिठ्ठी लाव. तुझी मुलं विचारतील, की एकाच घरात असं कसं? त्यांनी ते विचारावं यासाठीच दोन्ही एका भिंतीवर हवं. काकांचा राग मला समजतो. पण डब्यात ठेवलेली वस्तू प्रश्न विचारत नाही, काकांना एवढं सांग. आणि आजीचं वाक्य तर इटलीतल्या लोकांनाही पटलंय. माँतोने गावाने २०२३ साली यशवंत घाडग्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, असा त्यावरच्या बोधवाक्याचा अर्थ.

ऐकणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. आपल्या जळगाव-धुळ्याकडे असे डबे अजून पुष्कळ घरांत आहेत. कोठीत, माळ्यावर, देव्हाऱ्याच्या मागे. डबा सापडला तर आधी पुसू नका, आधी विचारा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि जे सांगतील ते वहीत लिहून घ्या: नाव, गाव, साल, कोणाबरोबर गेले, परत आल्यावर काय बोलायचे, काय बोलायचं टाळायचे. टाळलेलं तर जरूर लिहा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं.